लॅपटॉप सुरू होत नाही, तेव्हा आधी वीज कुठं अडली ते बघ

शाहूपुरी, कोल्हापूर

प्रिय भावा,

तुझं पत्र मिळालं. लॅपटॉप न उघडताच दुकानदारानं मदरबोर्ड (आतली मुख्य सर्किट-पाटी) गेल्याचं सांगितलं, त्यावर इतक्यात विश्वास ठेवू नकोस. वीज चार्जरपासून आत कुठपर्यंत पोचते आणि कुठं अडते, एवढं आधी शोधायचं.

तुमच्याकडं गगनबावड्याला पाऊस कसला असतो ते ठाऊक आहे. आत पाणी गेल्याची शंका जरी असली, तरी चार्जर अजिबात लावू नकोस. ओल्या बोर्डाला वीज मिळाली की त्यावरच्या तांब्याच्या रेषा गंजून झिजायला लागतात. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही. उघडून बॅटरीचा कनेक्टर सोडवणं हाच उपाय.

कोरडा असेल तर चार्जरपासून सुरू कर. वायर पिनजवळ हलवून दिवा लुकलुकतो का बघ, बहुतेक ती तिथंच आतून तुटते. मग मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) डीसी 200 व्होल्टवर ठेव. गोल पिनेच्या आत लाल टोक, बाहेर काळं. चार्जरवर बहुतेक 19 किंवा 19.5 व्होल्ट लिहिलेलं असतं, जे लिहिलंय त्याच्या आसपास आकडा आला पाहिजे. पिनेत मधोमध बारीक सुई असेल तर लाल टोक तिला नाही, आतल्या भिंतीला लाव. ती सुई फक्त चार्जर कोणता आहे हे लॅपटॉपला कळवते. ती मोडली की व्होल्टेज बरोबर असूनही बॅटरी चार्ज होत नाही. टाइप-सी चार्जर असा मोजता येत नाही, कारण लॅपटॉपनं मागितल्याशिवाय तो पूर्ण व्होल्टेज देतच नाही. तिथं दुसरा 65 वॅटचा लावून बघायचा.

चार्जरवर दिवा असेल आणि लॅपटॉपला लावताच तो विझत असेल, तर आत शॉर्ट आहे. पुन्हा पुन्हा लावून बघू नकोस. पण तेव्हासुद्धा पुष्कळदा कपॅसिटर किंवा मॉसफेट असा बोर्डावरचा एखादा बारीक भागच गेलेला असतो, सगळा बोर्ड नव्हे.

हे सगळं ठीक निघालं तर चार्जर, पेनड्राइव्ह, माउस, सगळं काढ. खालचं झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर प्लॅस्टिकला धरून सोडव, वायर ओढू नकोस. मग पॉवरचं बटण 30 सेकंद दाबून धर. बटणाचा हुकूम ऐकणारी कंट्रोलर चिप लॅपटॉप बंद असतानाही जागी असते. लाइट सारखी ये-जा करते तेव्हा ती अडकून बसते आणि उरलेली वीज संपल्याशिवाय भानावर येत नाही. आता फक्त चार्जर लावून सुरू कर. झाला, तर दोष बॅटरीत असू शकतो. (काही मॉडेल बॅटरीशिवाय सुरूच होत नाहीत, तेव्हा एकदा जोडूनही बघ.) बॅटरी फुगलेली दिसली तर दाबू नकोस, टोचू तर मुळीच नकोस, तिला आग लागते.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी, असं असेल तर गोष्ट वेगळी. स्क्रीनवर तिरका टॉर्च मार. पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा उजेड, गेलाय. नाहीतर एचडीएमआयनं टीव्हीला जोड. तिथंही काही नसेल तर रॅमवर (तात्पुरत्या मेमरीच्या पट्टीवर) संशय घे. बॅटरी सोडवूनच रॅम काढ, सोनेरी पट्टी खोडरबरानं हलकेच पूस, चुरा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ कर. तिरकी धरून पूर्ण आत सरकव, मग क्लिप टक् वाजेपर्यंत खाली दाब. दोन असतील तर एकेक करून बघ. रॅम हलवल्यावर पहिल्यांदा स्क्रीन यायला एकदोन मिनिटं लागू शकतात, तेवढा धीर धर. बीप किंवा दिव्याची उघडझाप मोजून लिहून ठेव, त्या आकड्यावरून बिघाड कळतो.

एवढं करूनही उठला नाही, तर इकडं राजारामपुरीत घेऊन ये. चिप लेव्हलचं काम, म्हणजे बोर्डावरचे बारीक भाग दुरुस्त, करणाऱ्याला एकच विचारायचं: मेन लाइनला 19 व्होल्ट येतात का, आणि त्यापुढं 3.3 आणि 5 तयार होतात का? मोजून सांगेल त्याच्याकडंच द्यायचा.

द्यायच्या आधी एसएसडी (सगळ्या फायली साठवणारी डिस्क) काढून स्वतःजवळ ठेव. ती बहुतेक एकाच स्क्रूवर असते, आणि तुझ्या जमिनीची कागदपत्रं, पोरांचे फोटो सगळं तिच्यात आहे; बोर्ड मेला तरी ते जात नाही. फक्त बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर दुसऱ्या मशीनवर ती रिकव्हरी की मागते. तुझ्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ती सहसा मोबाइलवरून बघता येते, आजच उतरवून ठेव.

तुझाच,
मित्र