तो झेंडा संग्रहालयातच बरा

अमेरिकेतील दक्षिणेच्या राज्यांत कॉन्फेडरेट झेंडा, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी देशातून फुटून यादवी युद्ध लढलेल्या दक्षिणी राज्यांचा झेंडा, सार्वजनिक जागी असावा की नसावा, हा वाद अजून धुमसतोच आहे. ‘हा आमचा वारसा, यात द्वेष नाही,’ असे समर्थक म्हणतात. पण तारखा पाहा. यादवी युद्ध संपले १८६५ मध्ये. दक्षिण कॅरोलिनाच्या विधानभवनाच्या घुमटावर झेंडा चढला १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, कृष्णवर्णीयांची हक्कांची चळवळ ऐन भरात असताना. निमित्त युद्धाच्या शताब्दीचे. शताब्दी सरली, झेंडा मात्र २००० पर्यंत घुमटावर आणि पुढे आवारात राहिला. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाली, तेव्हा घुमटावरचा राष्ट्रध्वज अर्ध्यावर आला. हा मात्र पूर्ण उंचीवर! कारण त्याला हात लावायला विधिमंडळाची मंजुरी हवी होती. जुलैत तो उतरवून संग्रहालयात गेला, ते योग्यच झाले.

कोणी स्वतःच्या अंगणात लावला तर कायद्याने अडवू नये. पण सरकारी खांब सर्वांचा असतो, ज्यांचे पूर्वज गुलाम म्हणून विकले गेले त्यांचाही. मिसिसिपीने तर २०२० मध्ये राज्यध्वजातूनच हे चिन्ह काढले आणि मतदारांनी नवा ध्वज मंजूर केला.

– एक वाचक, ठाणे