मॅडम, तुमचं पार्सल मिळालं

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून चारचौघांत लिहितो आहे.

आमच्या कंपायलरमधल्या, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्राममधल्या, वॉर्निंग्जचा गुंता तुम्ही पाहिलाच आहे. कोडची वाक्यरचना वाचणारा पार्सर असो की संख्या, अक्षरं असे प्रकार जुळतात का बघणारी टाइप तपासणी, जिथे शंका आली तिथेच इशारा छापायचा. मजकूर तिथेच, ओळ क्रमांक तिथेच, आणि वापरणाऱ्याने तो इशारा बंद केलाय का हे बघणारा ‘इफ’ही तिथेच. न वापरलेल्या व्हेरिएबलची (कोडात किंमत साठवायला दिलेल्या नावाची) तक्रार तर प्रत्येक फाइलमध्ये वेगळ्या शब्दांत! हे सगळं सुटं करू या म्हणत मी कुणाकुणाच्या दारात गेलो. एका वरिष्ठांनी “चालतंय ना? मग हात लावू नकोस” म्हणून विषय मिटवला. एका सल्लागाराने “वॉर्निंग वाचतं कोण?” असं विचारलं आणि त्या प्रश्नाचं बिलही पाठवलं. ॲपलच्या एसएसएल कोडमध्ये, म्हणजे इंटरनेटवरची जोडणी सुरक्षित ठेवणाऱ्या कोडमध्ये, ‘गोटू फेल’ ही एक ओळ दोनदा पडली आणि सर्व्हरची सही तपासायचीच राहून गेली, हे 2014 मध्ये उघड झालं. पुढचा कोड कधीच चालणार नाही हे सांगणारी वॉर्निंग क्लँग या कंपायलरमध्ये होती, फक्त ती मुद्दाम चालू करावी लागायची. हे त्या सल्लागाराला सांगितलं असतं तर त्याचंही बिल आलं असतं.

आणि मग तुम्ही. मालवणात पावसाने वीज गेलेली, नेट बंद. तुम्ही रत्नागिरीत बसून आमच्या सगळ्या इशाऱ्यांची यादी कागदावर छापलीत, समासात पेन्सिलने लिहिलंत आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मालवणच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिलीत. पानाचा एक कोपराही भिजला नव्हता.

पहिल्याच पानावर होतं: “वादळ ओळखते वेधशाळा, बावटा चढवतं बंदर, होडी कधी ओढायची ते मच्छीमार ठरवतो. तुमच्या कोडात तिन्ही कामं एकाच माणसाच्या गळ्यात आहेत. आणि तीन नंबरचा बावटा रोजच लावलात तर वर बघणार कोण?” मी दर्याकाठीच वाढलो, पण आमचा कोड मला इतक्या सोप्या भाषेत कुणी समजावला नव्हता.

त्या वाक्यावरून बाकीचं आपोआप सुचत गेलं. आता तपासणारा भाग फक्त इशाऱ्याची ओळख, जागा आणि नावं कळवतो. वाक्यं सगळी एका तक्त्यात, क्लँग ठेवतं तशी. इशारा दाबायचा, दाखवायचा की एरर करायचा हे एकाच ठिकाणी ठरतं, आणि टर्मिनलवर छापणं किंवा एडिटरला जेसन (प्रोग्रामला वाचता येईल अशा साच्यातला मजकूर) देणं हे आणखी वेगळं. तपशील सांगत बसत नाही, तुम्हाला पाठ आहेत.

मला सांगायचंय ते पुसलेल्या ओळीबद्दल. मधल्या एका पानावर तुम्ही काहीतरी तिखट लिहून खोडरबराने पुसलंय. खिडकीशी धरलं की पुसट दिसतं. त्याच्यावर नव्याने लिहिलंत, “हे लिहिणाऱ्याला त्या दिवशी घाई असावी. नेमकं कोणतं व्हेरिएबल? नाव द्या.” तो कोड लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलाय, तो हे पान कधी बघणारही नाही. तरी तुम्ही पुसलंत. इतकी वर्षं ऑफिसात माणसांची माणसांसमोर सालं काढलेली बघितली, त्यामुळे त्या ओळीपाशी बराच वेळ थांबलो. “इथे दुरुस्ती सुचवता येते, मग सुचवत का नाही?” आणि “हा इशारा नव्हे, आधीच्या इशाऱ्याची टीप आहे” हेही तुम्ही तसंच, आवाज न चढवता लिहिलंत.

पुढच्या आवृत्तीच्या श्रेयनामावलीत तुमचं नाव घालू का विचारलं तर तुम्ही हसून विषय बदललात. पुन्हा विचारणार आहे.

आणि शेवटच्या पानावर, मोठी संख्या लहान टाइपमध्ये कोंबल्याच्या इशाऱ्यापुढे, तुम्ही नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय. वाक्य पटलं नाही की हा इशारा मुळात चालूच नसावा? रविवारी दुपारी फोन करतो.

तुमचा,
मालवणचा विद्यार्थी