गोव्याच्या ट्रिपमध्ये विमानांसाठी दीड तास ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आता शाळांच्या ट्रिपांचा सीझन येतोय म्हणून लिहायलोय. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बहुतेक शाळा गोव्याला जातातच, जवळ पडतं, पोरांना समुद्र बघायचा असतो, आणि ठरलेलं असतं की मंगेशी, ओल्ड गोवा, मिरामार, बोटीची राईड, संध्याकाळी परत. त्याच गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ बोगमाळोच्या रस्त्याला नौदलाचं विमानांचं म्युझियम आहे, १९९८ पासून आहे. ते एक तर यादीत नसतंच, असलं तर शेवटी "वेळ राहिला तर" म्हणून. माझं म्हणणं एवढंच आहे की ते यादीत आधी घाला आणि तिथं पोरांना नीट वेळ द्या. का म्हणतोय ते सांगतो.

मी सांबऱ्याजवळच्या (बेळगावचं विमानतळ तिथंच आहे) एका मराठी शाळेच्या एसडीएमसीवर, म्हणजे शाळेच्या विकास समितीवर, आहे, मागच्या सीझनला ट्रिपबरोबर गेलो होतो. टूरवाल्यानं तिथं अर्धा तास दिलेला, वर "लवकर आटपा, बीचला उशीर होईल" चालूच. पोरं आत शिरली ती थेट त्या चार इंजिनांच्या मोठ्या सुपर कॉन्स्टेलेशन विमानाकडं पळाली, आणि बाजूला एक मुलगी एकटीच, वीस-एकवीसची असेल, पाठीला सॅक, एका छोट्या जुन्या विमानाच्या शेपटीखाली वाकून बघत होती. आमच्यातल्या एकानं विचारलंच, ताई काय हरवलंय काय? ती म्हणाली, नाही रे, चाक बघायले, ह्याचं तिसरं चाक शेपटीला आहे, आमच्या विमानाला पुढं नाकाखाली असतंय. "आमच्या विमानाला" म्हटल्यावर पोरं थांबली. कुठली तुम्ही, असं तिनं विचारलं, सांबरा म्हटल्यावर म्हणाली, मग मला तुम्ही रोज बघत होता की! तिचं ट्रेनिंग सांबऱ्यालाच झालेलं, पहिला सोलो, म्हणजे एकटीनं विमान उडवणं, पण तिथंच. आमच्या शाळेच्या डोक्यावरनं सकाळपासून ती छोटी विमानं गोल फिरत असतात, वर्गात बाईंचा आवाज ऐकू येत नाही म्हणून आम्ही सगळे वैतागलेलो, आणि त्यातलंच एक चालवणारी ताई समोर उभी. मग काय, बीच कुठला आणि काय कुठलं.

ती इचलकरंजीकडची, मराठी एकदम आपल्यासारखं. तिनं पोरांना सांगितलं की ते गोल फिरणं म्हणजे सर्किट, उडायचं, वळायचं, धावपट्टीला समांतर उलटं जायचं, परत दोनदा वळून उतरायचं, आणि हे इतक्या वेळा करायचं की हात आपोआप चालले पाहिजेत. मग एक दिवस इन्स्ट्रक्टर मध्येच उतरतात आणि म्हणतात, आता तू जा. शेजारची सीट रिकामी, एका माणसाचं वजन कमी झालेलं, त्यामुळं विमान रोजच्यापेक्षा लवकर उचलतं आणि जोरात वर चढतं, आणि तिला म्हणे त्याचीच पहिल्यांदा धास्ती वाटली. उतरल्यावर सगळ्यांनी बादलीनं पाणी ओतून भिजवलं, ती पद्धतच आहे. एका पोरीनं विचारलं, ताई वर एकटं असताना भीती वाटली तर कोणाला सांगायचं? ती म्हणाली, रेडिओवर टॉवर असतोय, पण उतरवायचं आपल्यालाच.

आता ते छोटं विमान. त्याचं नाव एचटी-२, हिंदुस्तान एअरक्राफ्टनं बेंगळूरला बनवलेलं, १९५१ साली पहिल्यांदा उडालं, आणि भारतात डिझाईन होऊन कारखान्यातनं तयार व्हायला लागलेलं पहिलं इंजिनचं विमान तेच. डिझाईन कोणाचं, तर डॉ. विष्णू माधव घाटगे यांचं. मराठी माणूस, जर्मनीत ग्योटिंगेनला प्रांटलसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून आलेला. आपल्या हवाई दलाच्या कितीतरी पायलटांनी उडायला ह्याच विमानावर शिकून घेतलं. मी एवढी वर्षं सांबऱ्यात राहतोय, घाटगेंचं नाव मला त्या दिवशी कळलं, आणि ते पण एका विशीतल्या मुलीकडनं. तिनं पोरांना उकिडवं बसवून दाखवलं की शेपटी खाली असली की नाक कसं वर जातं, पायलटला पुढची जमीन दिसतच नाही, म्हणून पूर्वीचे पायलट जमिनीवर विमान नागमोडी नेत नेत बाजूनं बघायचे. पुढं आलेली एक बारीक नळी दाखवली, त्यातनं हवा आत जाते आणि त्यावर स्पीड कळतो, त्यात एखादा किडा घर करून बसला तर काटा चुकीचा स्पीड दाखवतो, म्हणून उडायच्या आधी रोज विमानाभोवती फिरून असलं सगळं बघायचं, कितीही घाई असली तरी. कॉन्स्टेलेशनला तीन शेपट्या का, तर एकच मोठी केली असती तर उंच झाली असती आणि हँगरमध्ये बसली नसती. सी हॉक बघितलं, १९७१ च्या युद्धात विक्रांतवरनं उडालेली ती विमानं. ह्यातलं निम्मं पाट्यांवर असेलही, पण इंग्रजी पाटी वाचून मराठी मिडियमच्या सहावीच्या पोराला ते कळत नाही, कोणीतरी शेजारी उभं राहून सांगावं लागतं.

आणि ती तिथं का आली होती ते ऐका. शाळेत असताना, सातवीत, ट्रिपला ह्याच म्युझियममध्ये आली होती, विमान इतक्या जवळनं पहिल्यांदा तिथंच बघितलं. घरी कोणी पायलट नाही, यंत्रमागाचं घर. बारावीला फिजिक्स-मॅथ्स घेतलं ते तेव्हापासून डोक्यात होतं म्हणून. आता लायसन्सचे तास पूर्ण होत आलेत, कमर्शियल पायलटच्या लायसन्सला एकूण २०० तास लागतात आणि त्यातले १०० स्वतःच्या जबाबदारीवर उडवलेले लागतात, म्हणून एक सुट्टी बघून परत आली होती.

मला हे फार महत्त्वाचं वाटतंय. झारा रदरफोर्डची बातमी आठवत असेल, बेल्जियमहून १८ ऑगस्ट २०२१ ला निघाली आणि २० जानेवारी २०२२ ला एकटीनं जगाला फेरी मारून परत उतरली, वय फक्त १९, विमान दोन सीटचं आणि त्यातल्या एका सीटच्या जागी इंधनाची टाकी. नंतर त्याच वर्षी तिच्या भावानं, मॅकनं, १७ व्या वर्षी तेच केलं. कौतुक आहेच, खूप आहे, पण त्यांचे आईवडील दोघं पण पायलट, ती पोरं लहानपणापासून विमानात बसलेली. जे.आर.डी. टाटांचं पण तसंच, लहानपणी फ्रान्समध्ये समुद्रकाठी त्यांचं घर होतं आणि जवळच ब्लेरियोचं, इंग्लिश खाडी विमानानं पहिल्यांदा ओलांडलेल्या ब्लेरियोचं. म्हणजे विमान डोळ्यासमोर होतं. आपल्या कंग्राळी, येळ्ळूर, मुतग्याच्या पोरांना घरात हे कोण दाखवणार? त्यांना शाळेनंच दाखवायला पाहिजे, आणि ट्रिप हा त्याचा सगळ्यात सोपा रस्ता आहे.

वय लहान म्हणून कोणी नाक मुरडू नये. १९३० मध्ये आगाखानांनी इंग्लंड ते भारत, नाहीतर भारत ते इंग्लंड, एकट्यानं उडणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंडाचं बक्षीस ठेवलं होतं, ते जिंकलं अस्पी इंजिनिअरनं (इंजिनिअर हे आडनाव), वय १७! समोरून उलट्या दिशेनं जे.आर.डी. येत होते. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघं भेटले, अस्पीचं विमान स्पार्क प्लगसाठी अडकलेलं, तर जे.आर.डीं.नी स्वतःकडचे जादाचे प्लग काढून दिले, स्पर्धेतल्या माणसाला, आणि शेवटी बक्षीस त्याच पोराला मिळालं. पुढं तो १९६० साली हवाई दलाचा प्रमुख झाला. त्या ताईनं ही गोष्ट सांगितली तेव्हा आमची सगळ्यात दंगेखोर पोरं गप्प ऐकत होती, बाई पण बघत राहिल्या.

मुलींसाठी तर जास्तच. भारतात पायलटांमध्ये बायका सुमारे १५ टक्के आहेत, जगाच्या सरासरीच्या दुप्पटीपेक्षा जास्त. मुंबईच्या आरोही पंडितनं २०१९ मध्ये छोट्याशा विमानातनं एकटीनं अटलांटिक ओलांडला. हे आमच्या शाळेतल्या मुलींना माहीत नव्हतं, परतीच्या गाडीत चोर्ला घाटाच्या वळणांवर उलट्या होत असताना पण त्या हेच विचारत होत्या की बारावीनंतर फॉर्म कुठं मिळतो. सोळाव्या वर्षी स्टुडंट लायसन्स निघतं हे कळल्यावर तर हिशोबच सुरू झाले. खर्च लाखांत आहे, मला माहीत आहे, तो प्रश्न मोठा आहे आणि त्यावर वेगळं लिहायला पाहिजे, पण खर्चाचं नंतर बघू, आधी हे काम आपल्यासारख्यांचं पण असतंय एवढं तरी पोरांना दिसू दे.

दुसरी गोष्ट, हे सगळं बघायला गोव्यालाच का जायचं. सांबऱ्याची धावपट्टी १९४२ ची, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हवाई दलानं केलेली. तिथंच आज हवाई दलाचं एअरमेन ट्रेनिंग स्कूल आहे, देशभरातली पोरं येऊन शिकतात. २०२१ मध्ये पायलट ट्रेनिंगसाठी देशातले जे पाच विमानतळ निवडले त्यात बेळगाव होतं. इकडं हायवेजवळ हत्तरगीला विमानांचे पार्ट तयार होतात, एअरबसला जातात, आणि मशिनवर आपल्याच गावांतली पोरं असतात. इतकं सगळं आपल्या अंगणात आहे आणि शाळेच्या पोराला कुंपणाबाहेरनं आवाज तेवढा ऐकू येतो. जिल्हा प्रशासनानं, विमानतळानं आणि हवाई दलानं मिळून सांबऱ्यात एक छोटी गॅलरी करावी, फार मोठं नको, निवृत्त झालेलं एखादं ट्रेनर विमान, एक कापून उघडं केलेलं इंजिन, सांबऱ्याच्या इतिहासाचे जुने फोटो, घाटगेंची माहिती, आणि पाट्या कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्हींत, कारण इथली पोरं तिन्ही मिडियमची आहेत. महिन्यातनं एक शनिवार ट्रेनिंगमधल्या एखाद्या मुलानं नाहीतर मुलीनं येऊन तासभर पोरांशी बोलावं, त्याला काही खर्च नाही.

ते होईल तेव्हा होईल. ह्या सीझनला ट्रिप ठरवणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना विनंती, म्युझियम सोमवारी बंद असतं ते बघून तारीख धरा, सकाळी ऊन चढायच्या आत जा कारण विमानं उघड्यावर आहेत, आणि टूरवाल्याला आधीच दीड तास सांगून ठेवा. जायच्या आदल्या दिवशी वर्गात एचटी-२, सी हॉक, कॉन्स्टेलेशन ही तीन नावं फळ्यावर लिहून थोडं सांगितलं तरी पोरं तिथं जाऊन ती स्वतः शोधतात, आमच्या शाळेनं ह्या वर्षी तसं ठरवलंय. आणि ट्रेनिंगमधल्या पायलट मुलामुलींपैकी कोणी हे वाचत असेल तर सांबरा परिसरातल्या मराठी शाळेत एकदा या, मुख्याध्यापकांना भेटलात तरी पुरे.

आपला,
एक पालक व एसडीएमसी सदस्य,
सांबरा, ता. जि. बेळगाव