टेबलावरून उठायला शिकवणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव इथे मुद्दाम घालत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही. पण आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत.

मनगट मोडलं तेव्हा मी काही जिन्यावरून गडगडले नव्हते. उभ्या उभ्या पाय सरकला, हात टेकला, संपलं. प्लास्टर झालं, ‘या वयात व्हायचंच’ हेही ऐकून झालं. माझी पाळी 43व्या वर्षीच गेलेली, दम्यामुळे स्टिरॉइडच्या गोळ्या वर्षानुवर्षं पोटात, आईला उतारवयात पोक आलेलं. हाडं ठिसूळ असल्याची शंका यावी अशाच या गोष्टी, पण यातलं काही म्हणता काही कोणी विचारलं नाही. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडतं तेव्हा हाडांची घनता बघायला हवी, हे सांगायला कितीसा वेळ लागतो? एका शिबिरात तर टाचेला यंत्र लावून ‘उत्तम’ असा कागद हातात ठेवला. आजाराचं निदान कंबरेच्या मणक्यांच्या आणि खुब्याच्या डेक्सा तपासणीवर, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या खास एक्स-रेवर होतं, हे तिथे कोण सांगणार!

ती तपासणी तुम्ही केलीत. झाल्यावर मी सवयीनं पोटाला हिसका देत उठायला लागले, तर तुम्ही खांद्यावर हात ठेवलात. ‘थांबा. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, आता हातावर जोर देऊन उठा.’ आणि बाहेर माणसं खोळंबलेली असताना मला परत झोपवून तेच पुन्हा करून घेतलंत. पुढे वाकताना मणक्याच्या पुढच्या कडेवर भार येतो, हाड ठिसूळ असेल तर ती कडा चेपते, म्हणालात. रिपोर्टबद्दल चकार शब्द नाही. ते डॉक्टर सांगतील.

टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत माझ्या हाडांच्या घनतेचा आकडा, उणे 2.9 निघाला. उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. औषध सुरू आहे, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, चालणं, वजनं उचलणं, सगळं रीतसर चाललंय. तरी रोज पहाटे उठताना आठवता तुम्हीच. ते शिकवणं तुमच्या कामात कुठे मोडत होतं? हुशार माणसं पुष्कळ भेटतात हो, समोरच्याचं अंग आपलं समजून हात लावणारी थोडी.

धाकट्या बहिणीचीही पाळी लवकर गेली आहे. तिला तुमच्याकडेच पाठवते आहे. ती बोलते फार, तेवढं सांभाळून घ्या.