श्रेयाच्या भूगोलाबद्दल

बेळगाव
१८ जानेवारी

प्रिय महादेव,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. श्रेयाचा इतिहास बरा आहे, पण भूगोलात गुण गळतायत आणि प्रिपरेटरी, म्हणजे बोर्डाआधीची सराव परीक्षा, तोंडावर आली आहे, असं तू लिहिलंस. तिचा अभ्यासाचा क्रम वाचला आणि घोटाळा तिथंच दिसला. आधी धडे पाठ, नकाशा सगळ्यात शेवटी. हे उलटं कर. नकाशा आधी हातात बसू दे, बाकीचे धडे त्यावर अडकवायचे.

त्याआधी एक काम. चंदगडहून तुझ्या मेव्हण्यानं पाठवलेलं गाईड कपाटात टाक. मराठी आहे म्हणून ते आपलं होत नाही. महाराष्ट्र बोर्डाचा दहावीचा भूगोल भारत आणि ब्राझीलच्या तुलनेवर उभा आहे. आपल्या एसएसएलसीत, म्हणजे कर्नाटकच्या दहावीत, समाजविज्ञानाचा ८० गुणांचा एकच लेखी पेपर. त्यात भूगोलाच्या शेजारी इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि व्यवसाय अध्ययन बसलेले. शिवाय तिकडे नकाशाचा आराखडा छापील मिळतो, इथं तो पोरांनी स्वतः काढायचा. अर्धी पोरं तिथंच घाबरतात.

म्हणून नकाशाचं नीट सांगतो. भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम २,९३३. म्हणजे ११ सेंटिमीटर उंच आणि १० सेंटिमीटर रुंद चौकट आखली की प्रमाण आपोआप जुळतं. एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे २९३ किलोमीटर. चौकट फिकट हातानं आख, ती शेवटी पुसायची आहे. आता दोन रेषा. वरून पाच सेंटिमीटरच्या किंचित खाली आडवी रेघ, ते कर्कवृत्त. डावीकडून पाच सेंटिमीटरला उभी रेघ, ती ८२°३०′ची प्रमाण वेळेची रेषा. दोन्ही जवळजवळ मध्यातूनच जातात, त्यामुळे चुकायला फारशी जागा नाही.

मग कडेचे बिंदू टाकायचे. पश्चिमेचं टोक गुजरातेत, डाव्या कडेला, कर्कवृत्ताच्या जरासं वर. पूर्वेचं अरुणाचलात, उजव्या कडेला, वरून साडेतीन सेंटिमीटरवर. मुंबई डावीकडून दीड आणि तळापासून चार सेंटिमीटरवर. चेन्नई डावीकडून चार, तळापासून दोन. कोलकाता कर्कवृत्ताच्या थोडं खाली, डावीकडून सात. कन्याकुमारी तळरेषेवर, डावीकडून तीन. बहुतेकांचा नकाशा या शेवटच्या बिंदूवर बिघडतो. ते कन्याकुमारी चौकटीच्या मध्यावर आणतात, मग आंध्रचा किनारा आत दबतो आणि केरळ फुगतं. दुसरी चूक सिलिगुडीची. कोलकात्याच्या सरळ वर, वरून चार सेंटिमीटरवर देशाची मान, म्हणजे ईशान्येला जोडणारी अरुंद पट्टी, येते. आपल्या प्रमाणात ती एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. पेन्सिल जायला हवी म्हणून दोन मिलिमीटर काढायची, पण पोरं तिथं बोटभर रुंद पट्टा काढतात आणि बांगलादेशाला जागाच उरत नाही. तिसरी, सौराष्ट्राचा फुगवटा विसरणं. चौथी, बेटं. लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार ठिपक्यांनी का होईना दाखवलीच पाहिजेत. निकोबार तर तळरेषेच्याही खाली जातं. देशाचं दक्षिण टोक इंदिरा पॉइंट ६°४५′ला आहे, कन्याकुमारी हे फक्त मुख्य भूमीचं टोक. प्रश्नात ‘मुख्य भूमी’ हा शब्द आहे की नाही, ते बघूनच उत्तर लिहायचं.

ठिकाणं सुटी सुटी पाठ करू नये, ओळीनं करावीत. दिल्ली, भोपाळ, बेंगळूर, कन्याकुमारी ही सगळी ७७ अंशाच्या आसपास, म्हणजे एका उभ्या रेषेत, डावीकडून तीन सेंटिमीटरवर. मंगळूर, बेंगळूर, चेन्नई १३ अंशावर, एका आडव्या रेषेत. कर्कवृत्ताला खालून चिकटून भोपाळ आणि रांची, त्यांच्या जरा खाली अहमदाबाद आणि कांडला. विशाखापट्टण प्रमाणरेषेच्या लगेच उजवीकडे. एवढ्या ओळी बसल्या की बाकीची गावं त्यांच्या आधारानं सापडतात. बंदराचा ठिपका मात्र किनाऱ्याच्या रेघेवरच हवा. जमिनीत आत गेला तर गुण जातो, मग नाव कितीही सुंदर अक्षरात लिहिलेलं असो.

अंशांच्या वजाबाकीत फार पोरं घसरतात. पूर्व टोकाच्या ९७°२५′मधून प्रमाणरेषेचे ८२°३०′ वजा करताना हातचा १०० नाही, ६० घ्यायचा. ९६°८५′ वजा ८२°३०′, उत्तर १४°५५′. रेखांशाच्या एका अंशाला घड्याळाची चार मिनिटं, हा हिशेब बेळगाववरच करून दाखव. आपण साधारण ७४°३०′वर. प्रमाणरेषेपासून फरक ८ अंश, म्हणजे ३२ मिनिटं. म्हणून घड्याळात बारा वाजले तरी आपल्याकडे दुपार व्हायला अजून अर्धा तास असतो. तारखेनुसार यात काही मिनिटं पुढं-मागं होतात, पण परीक्षेत तेवढ्या खोलात कोणी शिरत नाही.

आता कारणं. यात तुमच्या खानापुरात राहण्याचा मोठा फायदा आहे. तुमच्या तालुक्यातच कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागरात पोचतं. त्याच तालुक्यातली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते, मांडवी होते आणि अरबी समुद्र गाठते. जलविभाजक म्हणजे काय, याला यापेक्षा चांगलं उदाहरण पुस्तकात नाही. घाटाची धार पश्चिम किनाऱ्याला लागून आहे, म्हणून पश्चिमेकडच्या नद्या आखूड आणि वेगाच्या. गाळ पसरायला सपाट जागा आणि वेळ दोन्ही नाही, म्हणून त्यांना त्रिभुज प्रदेश नाही, खाडी आहे. नर्मदा आणि तापी लांब असल्या तरी खचदरीतून वाहतात, त्यांचंही मुखाशी तेच.

पावसाचंही तसंच. नैऋत्य वारे घाटावर चढतात, थंड होतात आणि कणकुंबीला ओततात. घाटाच्या पूर्वेकडच्या अथणीला पोचेपर्यंत ढगात काही उरत नाही. ‘पर्जन्यछाया’ शब्द लिहून थांबू नको म्हणावं. वारा चढतो, हवा थंड होते, बाष्प सांद्रित होतं, पलीकडे उतरताना हवा तापते आणि कोरडी पडते, हे चारही टप्पे लिहायचे. तमिळनाडूचा हिवाळी पाऊस वेगळा. तिथं ईशान्येकडून येणारे वारे बंगालच्या उपसागरावरून बाष्प उचलतात. हे दोन्ही एकाच उत्तरात कालवले जातात, तेवढं बघ.

मातीचा धडा पाठ करायचा नाही, साखळीनं सांगायचा. तुमच्याकडे उष्णता आणि जोरदार पाऊस, त्यामुळे खडकातली सिलिका धुऊन जाते, लोह आणि अॅल्युमिनियम मागं राहतं. तो जांभा. त्याच प्रक्रियेतून बॉक्साइट. साधारण चार टन बॉक्साइटपासून दोन टन अॅल्युमिना आणि त्यातून एक टन धातू निघतो. म्हणून अॅल्युमिना शुद्ध करायचा कारखाना खनिजाजवळ परवडतो, आणि धातू वितळवायचा तिथं, जिथं स्वस्त वीज भरपूर. अॅल्युमिनियमच्या यादीत बेळगावचं नाव का, ते तिला मग घोकावं लागणार नाही. बैलहोंगल, सौंदत्तीकडची काळी माती बेसाल्टची. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, पण ओल धरून ठेवते, म्हणून पाऊस संपल्यावरही रब्बीची ज्वारी त्या ओलीवर निघते. साखर कारखाने उसाजवळ का? तोडल्यावर ऊस वाळतो, साखर उतरते आणि वजन ओढायचा खर्च वेगळा. वाहतुकीच्या धड्यावर फार वेळ घालवू नये. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाची मुंबई-चेन्नई बाजू बेळगाववरूनच जाते, ती नकाशावर काढली की झालं.

सराव असा ठेव. पहिला आठवडा रोज दोन नकाशे, चौकटीसह. दुसऱ्या आठवड्यात चौकट आखायची, पण पट्टी न लावता बिंदू टाकायचे. तिसऱ्यात घड्याळ लावून, आराखडा पाच मिनिटांत. प्रत्येक नकाशात दहा ठिकाणं न बघता भरायची, मग अॅटलासशी ताडून चुका लाल पेन्सिलीनं. त्या चुकांची वेगळी यादी. दोन दिवसांनी फक्त त्या यादीतलीच ठिकाणं, आठवड्यानं पुन्हा. बरोबर येणाऱ्या गावांवर परत परत वेळ घालवणं ही अभ्यासू पोरांची खोड असते, श्रेयालाही ती असणार.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी तिला घेऊन ये. लाल खुणांची वही बरोबर असू दे, नवी कोरी नको. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विलास

ता.क. नकाशाला एचबी पेन्सिल. गडद पेन्सिल पुसली की कागद काळवंडतो. आणि आराखड्यावर पेन अजिबात फिरवायचं नाही, एक रेघ चुकली की सगळा नकाशा नव्यानं काढावा लागतो.