इंग्लंडमध्ये शिक्षकाची नोकरी आणि घरात लहान मूल

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इंग्लंडमधील शाळांना गणित आणि विज्ञानाचे शिक्षक मिळत नाहीत, भारतातील शिक्षकांना तिथे मोठी संधी आहे, अशा आशयाचा मजकूर गेली काही वर्षे मराठी वृत्तपत्रांतून, आणि त्याहून अधिक जाहिरातींतून, वाचायला मिळतो. त्यात खोटे असे फारसे नसते. १ फेब्रुवारी २०२३ पासून भारतात प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांना, ११ ते १६ वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवण्याची पात्रता असेल तर, तिथल्या ‘क्वालिफाइड टीचर स्टेटस’साठी, म्हणजे शिक्षक म्हणून अधिकृत मान्यतेसाठी, थेट अर्ज करता येतो. हा अर्ज सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क होतो, त्यामुळे केवळ तेवढ्यासाठी कोणी एजंट पैसे मागत असेल तर ते देऊ नयेत, हे आधीच सांगून टाकते. मात्र ज्यांच्या घरी चार वर्षांखालील मूल आहे, अशा शिक्षकांनी निर्णय घेण्यापूर्वी जे विचारायला हवे, त्याचा या मजकुरात मागमूसही नसतो. मी इंग्लंडमधील एका सरकारी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. मुलगी प्राथमिक शाळेत आणि मुलगा नर्सरीत जातो. माझ्या मते पगाराच्या आकड्याकडे वळण्याआधी एकाच प्रश्नाचे उत्तर कागदावर मांडायला हवे: सकाळी साडेसातपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत मूल कोणाकडे राहणार आणि त्याचे पैसे कोठून येणार?

पगारही पाहू. सप्टेंबर २०२५ पासून लंडनबाहेरील नव्या शिक्षकाची वेतनश्रेणी वर्षाला ३२,९१६ पौंडांपासून सुरू होते. आयकर, नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेसाठीची सक्तीची कपात) आणि निवृत्तिवेतनाची वर्गणी वजा जाता हातात महिन्याला साधारण २,१०० पौंड पडतात. याउलट वर्षा-दीड वर्षाच्या बाळाला पूर्णवेळ नर्सरीत ठेवायचे तर बहुतेक शहरांत महिन्याला हजार पौंडांहून अधिक मोजावे लागतात, म्हणजे घरभाडे देण्यापूर्वीच पगाराचा निम्मा भाग संपतो. नर्सरीवाले नफेखोर आहेत, असे इथे नव्याने आलेले आपले लोक पहिल्या महिन्यात हमखास म्हणतात, परंतु कारण निराळे आहे. दोन वर्षांखालील दर तीन बाळांमागे एक प्रौढ कर्मचारी असलाच पाहिजे, दोन वर्षांच्या मुलांसाठी हे प्रमाण पाचास एक आहे, आणि ते पाळले जाते की नाही याची तपासणी ऑफस्टेड ही सरकारी यंत्रणा करते. तीन बाळांच्या पालकांनी मिळून एका माणसाचा पगार, जागेचे भाडे आणि विमा उचलायचा म्हटल्यावर शुल्क कमी कसे होणार? हा नियम मला स्वतःला पूर्णपणे मान्य आहे. तो आपल्या खिशाला झेपतो का, एवढाच प्रश्न आहे.

यावर एजंट सांगतात की, तिथे सरकार मुलांचा सांभाळ मोफत करते. ही अर्धी गोष्ट आहे आणि नुकसान तिच्यामुळेच सर्वाधिक होते. सप्टेंबर २०२५ पासून नऊ महिन्यांपुढील मुलांसाठी नोकरदार आईवडिलांना आठवड्याला ३० तासांचा सांभाळ, वर्षातले ३८ आठवडे, सरकारी खर्चाने मिळतो, हे खरे आहे. परंतु ‘स्किल्ड वर्कर’ या नोकरीसाठीच्या व्हिसावर आलेल्या शिक्षकाच्या आणि त्याच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर सरकारी निधीचा लाभ घेता येणार नाही अशी अट असते, आणि आईवडील दोघेही या अटीखाली असतील तर हे ३० तास मिळत नाहीत. बालभत्ता नाही, सांभाळाच्या खर्चावरील करसवलतीची योजनाही नाही. कर मात्र इतरांइतकाच कापला जातो. अशा बहुतेक कुटुंबांना मिळतात ते सर्व मुलांसाठी असलेले १५ तास, आणि तेही मुलाला तिसरे वर्ष पूर्ण झाल्यानंतरच्या सत्रापासून. म्हणजे एकाच स्टाफरूममध्ये, एकाच श्रेणीवर, शेजारी बसून वह्या तपासणाऱ्या दोन शिक्षिकांपैकी एकीच्या बाळाचा बराचसा खर्च सरकार उचलते आणि दुसरीला तो पूर्णपणे स्वतः करावा लागतो. यात शाळेचा काही दोष नसतो, किंबहुना अनेक मुख्याध्यापकांना हा फरक ठाऊकही नसतो, त्यामुळे मुलाखतीत याविषयी कोणी आपणहून बोलेल अशी अपेक्षा धरू नये.

दुसरा फरक याहून कमी लोकांना माहीत आहे. मूल लहान असताना इथल्या कितीतरी शिक्षिका आठवड्यातले तीन दिवसच काम करतात. ६ एप्रिल २०२४ पासून तर नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनच कामाच्या वेळा बदलून मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. व्हिसावरील शिक्षिकेलाही हा हक्क आहेच, पण तो वापरता येईलच असे नाही. एप्रिल २०२५ पासून शिक्षकांच्या व्हिसासाठी प्रत्यक्ष वार्षिक पगार किमान २५,००० पौंड असावा लागतो आणि काम कमी केले म्हणून ही मर्यादा त्या प्रमाणात खाली येत नाही. श्रेणीच्या पहिल्या पायरीवरील शिक्षिकेने तीन दिवसांचे काम स्वीकारले तर तिचा पगार वीस हजारांच्याही आत जातो. शाळा राजी, शिक्षिका राजी, पण व्हिसाच धोक्यात, असा हा पेच आहे. वर्षे सरून पगार वरच्या पायरीवर गेला की मार्ग थोडा मोकळा होतो, पण तोवर मूल शाळेत जाऊ लागलेले असते.

राहता राहिला तो जोडीदार. त्याला किंवा तिला इथे काम करण्याची मुभा असते, आणि म्हणूनच आपल्यातली अनेक घरे पाळ्यांवर चालतात. एकाने दिवसा शाळेत शिकवायचे, दुसऱ्याने रात्रपाळी करून सकाळी मूल ताब्यात घ्यायचे. नर्सरीचे पैसे वाचतात. मात्र नवराबायको एकमेकांशी बोलतात ते दाराशी बाळाची पिशवी देता-घेताना. अशी काही कुटुंबे मी जवळून पाहिली आहेत. काही महिने हे निभावते, वर्षानुवर्षे निभावत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘शिक्षकांना सुट्ट्या भरपूर, मग मुलांना वेळच वेळ,’ हे वाक्य इंग्लंडमध्येही ऐकू येते, त्यामुळे त्याबद्दल आपल्या लोकांनाच दोष देणार नाही. नियमाप्रमाणे शिक्षकाला वर्षातले १९५ दिवस, मिळून १,२६५ तास, शाळेच्या सांगण्याप्रमाणे हजर राहावे लागते; पाठांची तयारी आणि वह्यांची तपासणी बरीचशी त्याबाहेर होते. तयारीसाठी शिकवण्याच्या वेळेच्या किमान दहा टक्के तास राखून ठेवलेले असतात, पण ते पुरले असे म्हणणारा शिक्षक मला अजून भेटायचा आहे. संध्याकाळी मुलाला झोपवून दहावीच्या वर्गाचे पेपर काढणे हे सवयीने जमते. खरी अडचण आहे ती सत्र चालू असताना हक्काची रजा नसण्याची. कार्यालयात काम करणारा पालक अर्धा दिवस सुटी टाकून मुलाच्या शाळेतील नाताळचे नाटुकले किंवा क्रीडादिन पाहून येतो. शिक्षक पालकाला त्या वेळी दुसऱ्यांची मुले सांभाळायची असतात. मुख्याध्यापक समंजस असतील तर तासाभराची सवलत मिळते, पण ती मागावी लागते, आणि दर वेळी मागायला मन धजत नाही.

आजारपणात तर हे फारच जाणवते. उलट्या किंवा जुलाब झाल्यास ते थांबल्यानंतर ४८ तास मुलाला नर्सरीत किंवा शाळेत पाठवायचे नाही, आणि कांजिण्यांत सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत घरीच ठेवायचे, असे आरोग्य खात्याचे मार्गदर्शन आहे व नर्सऱ्या ते काटेकोरपणे पाळतात. पहिल्या हिवाळ्यात लहान मूल वारंवार आजारी पडते. अशा वेळी तातडीची रजा घेण्याचा कायदेशीर हक्क आहे, पण त्या दिवसाचा पगार देण्याचे बंधन मालकावर नाही; शिवाय आदल्या रात्री जागरण झालेले असले तरी सकाळी सातच्या आत प्रत्येक तासाला मुलांनी काय करायचे ते लिहून पाठवावे, अशी बहुतेक शाळांची अपेक्षा असते. एजन्सीमार्फत रोजंदारीवर शिकवणाऱ्यांचा तर तो दिवस कोराच जातो.

भारतात येण्याचेही तसेच. तिकिटे ज्या आठवड्यांत सर्वांत महाग असतात, नेमक्या त्याच आठवड्यांत शिक्षकाला यावे लागते. गणेशचतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, ती उन्हाळी सुट्टीत सापडली. २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला, म्हणजे नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यानंतर येते. त्यातच मुलाला पाच वर्षे पूर्ण होऊन सक्तीचे शिक्षण सुरू झाले की त्याच्या उपस्थितीचा प्रश्न येतो. परवानगीशिवाय दहा शालेय आठवड्यांत पाच दिवस गैरहजेरी झाली तर दर मुलामागे आणि दर पालकामागे ८० पौंडांचा दंड होऊ शकतो, आणि तो २१ दिवसांत भरला नाही तर १६० पौंड होतात. ज्या शिक्षकाने वर्गातल्या पालकांना हजेरीचे महत्त्व सांगायचे, त्याच्याच घरी ही नोटीस आलेली कोणाला आवडेल?

वाचकांपैकी अनेक जण या टप्प्यावर म्हणतील की, आजी-आजोबांना न्यावे. ते येतात, आणि त्यांच्यामुळे घर उभे राहते, याबद्दल दुमत नाही. परंतु पर्यटक म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर एका वेळी सहा महिन्यांपर्यंतच राहता येते, आणि पुन्हा पुन्हा येऊन जवळजवळ इथेच राहिल्यासारखे दिसू लागले तर व्हिसा अधिकारी आक्षेप घेऊ शकतात. नातवंडांना सांभाळायला नातेवाईक म्हणून हरकत नसली तरी तो त्यांच्या भेटीचा एक भाग असावा लागतो, नोकरी नव्हे. त्यांना कायमचे आणण्याचा मार्ग जुलै २०१२ मधील नियमबदलानंतर इतका अरुंद झाला आहे की सुदृढ आईवडिलांच्या बाबतीत तो नसल्यातच जमा आहे. शिवाय पर्यटकाला इथल्या रुग्णालयात उपचार घ्यावे लागले तर दीडपट दराने आकारणी होते, तेव्हा चांगला विमा असल्याखेरीज सत्तरीच्या माणसांना आणणे हा जुगार आहे. आईवडिलांचे सहा महिने ही मदत समजावी. त्यांच्या भरवशावर तीन वर्षांचा करार करू नये.

निघण्याआधीच्या खर्चाबद्दल थोडक्यात लिहिते. व्हिसाच्या शुल्काखेरीज आरोग्यसेवेचा अधिभार आगाऊ भरावा लागतो. तो फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढाला वर्षाला १,०३५ आणि मुलाला ७७६ पौंड आहे. आईवडील आणि दोन मुले यांचा तीन वर्षांचा अधिभार १०,८६६ पौंड होतो. शाळा शिक्षकाचा वाटा उचलेलही, पण कुटुंबाचा उचलेल का, हे लेखी विचारावे.

मग येऊच नये का, असे मला इथे येण्याच्या विचारात असलेले जुने सहकारी विचारतात. मी त्यांना सांगते की यावे, पण शक्य असेल तर धाकटे मूल चार वर्षांचे झाल्यावर यावे. चौथा वाढदिवस झाल्यानंतरच्या सप्टेंबरमध्ये मुलाला ‘रिसेप्शन’ या पहिलीच्या आधीच्या वर्गात प्रवेश मिळतो, शाळा मोफत असते, शाळेपूर्वीचा न्याहारी वर्ग आणि नंतरचा खेळवर्ग नर्सरीच्या मानाने पुष्कळ स्वस्त असतो, आणि तिथून पुढे शिक्षकाची नोकरी पालकाला सोयीची ठरू लागते. सुट्ट्या जुळतात, पहिलीच्या अखेरीस होणारी ध्वनिवाचनाची (अक्षरांच्या उच्चारांवरून शब्द वाचण्याची) चाचणी कशासाठी आहे ते कळते, मुलाच्या शिक्षिकेशी बोलताना बुजायला होत नाही. उन्हाळ्याचे सहा आठवडे मुलांसोबत घालवता येतात, ही गोष्ट इथल्या इतर नोकऱ्यांत दुर्मीळ आहे.

मात्र शाळाप्रवेशाची एक बाब नोकरी स्वीकारण्यापूर्वीच बोलून घ्यावी. वर्षाच्या मध्यावर आलेल्या कुटुंबाला जवळच्या शाळेत जागा मिळेलच असे नाही. जिथे जागा रिकामी असेल तिथे मूल जाते, आणि दोन भावंडे शहराच्या दोन टोकांना गेल्याचीही उदाहरणे आहेत. दोन्ही शाळा पावणेनऊला भरतात आणि शिक्षकाला स्वतःला सव्वाआठला हजर व्हायचे असते. इंग्लंडच्या शाळाप्रवेश नियमावलीत कर्मचाऱ्यांच्या मुलांना प्राधान्य देण्याची मुभा शाळांना आहे, दोन वर्षे नोकरी झालेल्यांसाठी किंवा ज्या पदाला माणसे मिळत नाहीत अशा पदावर नेमलेल्यांसाठी. भारतातून बोलावलेला गणिताचा किंवा भौतिकशास्त्राचा शिक्षक बहुधा दुसऱ्या प्रकारात बसू शकतो. परंतु ही मुभा आहे, बंधन नाही, आणि माध्यमिक शाळेतल्या नोकरीचा प्राथमिक शाळेतील प्रवेशासाठी उपयोग होतो तो फक्त दोन्ही वर्ग एकाच संस्थेत असतील तेव्हा. त्यामुळे पहिलीपासून अकरावीपर्यंतचे वर्ग एकत्र असलेल्या शाळेची जाहिरात दिसली, तर पगार थोडा कमी असला तरी तिथे आधी अर्ज करावा, आणि मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का’ असे विचारले जाते तेव्हा मुलाच्या प्रवेशाचा प्रश्न संकोच न करता विचारावा.

आपली विश्वासू,
एक मराठी शिक्षिका, इंग्लंड
(विनंतीवरून नाव प्रसिद्ध केलेले नाही)