चिपनं स्वतःबद्दल काय सांगितलं? ताईंना आभाराचं पत्र

ताई,

तीन आठवडे मी वॉचडॉगच्या (यंत्र अडकलं की ते आपोआप रीसेट करणाऱ्या टायमरच्या) मागे लागलो होतो. बोर्ड साधा रीबूट केला की नीट उठायचा. वॉचडॉगनं रीसेट केला की सीरियल कन्सोलवर, म्हणजे बोर्डाचे संदेश दिसतात तिथं, एक अक्षरही यायचं नाही. वीज काढून पुन्हा दिली की सगळं सुरळीत. टायमर, रीसेटची लाइन, वीजपुरवठा, सगळं तपासून झालं होतं. तुम्ही पहिल्याच निरोपात विचारलंत, "फ्लॅश केवढी आहे?" मी सांगितलं, बोर्ड जिच्यातून सुरू होतो ती मेमरी चिप ३२ मेगाबाइटची. लगेच पुढचा प्रश्न आला, "आणि ड्रायव्हर तिला ओळखतो कसा?"

ड्रायव्हर म्हणजे चिपशी बोलणारा आमचा कोड. मला वाटलं, यात विचारण्यासारखं काय आहे? ९एफ ही कमांड पाठवायची, चिप तीन बाइट परत देते: उत्पादक, प्रकार, क्षमता. ईएफ ४० १८ आलं की विनबाँड कंपनीची १६ मेगाबाइटची चिप. हेक्समधले (१६ च्या पायातले) १८ म्हणजे २४, आणि २ चा २४ वा घात म्हणजे १,६७,७७,२१६ बाइट. ड्रायव्हरमधल्या चिपांच्या तक्त्यात नोंद सापडली की ओळख पटली, अशी माझी पक्की समजूत होती.

तुम्ही ती खोडून काढली नाहीत. आधी पत्त्यांचं गणित मांडलंत. तीन बाइटांच्या पत्त्यानं नेमके १६ मेगाबाइटच गाठता येतात. त्यापुढं जायला दोन वाटा. बी७ कमांड देऊन अख्खी चिप चार बाइटांच्या मोडमध्ये न्यायची, किंवा मोड न बदलता चार बाइटांचा पत्ता घेणाऱ्या वेगळ्या कमांड वापरायच्या, वाचायला १३, लिहायला १२. आमचा ड्रायव्हर पहिल्या वाटेनं जात होता. साध्या रीबूटच्या वेळी तो निघता निघता चिपला जुन्या मोडमध्ये आणून ठेवायचा. वॉचडॉग तेवढी सवड देत नाही. प्रोसेसर रीसेट होतो, चिपला ते कळतच नाही. मग बूट रॉम (प्रोसेसर सुरू होताना सर्वांत आधी चालणारा कोड) तीन बाइटांचा पत्ता पाठवून डेटाची वाट बघते आणि चिप चौथ्या बाइटची. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून बोर्डाकडे बघत उभा राहिलो होतो.

पण मग ड्रायव्हर दुसऱ्या वाटेनं का जात नव्हता? तक्त्यातली नोंद जुन्या चिपची होती, आणि तिला त्या कमांड येत नव्हत्या. आमच्या बोर्डावरची चिप नवी, तरी तेच तीन बाइट सांगणारी. माझा यावर विश्वास बसेना. तेव्हा तुम्ही लिनक्सच्या ड्रायव्हरमधली मॅक्रॉनिक्स या चिप कंपनीची फाइल उघडायला लावलीत. एमएक्स२५एल२५६३५ च्या 'ई' आणि 'एफ' या दोन आवृत्त्यांचा आयडी एकच आहे. फक्त 'एफ'ला चार बाइटांच्या कमांड येतात. दोघींमधला फरक ड्रायव्हर एसएफडीपी तक्त्यातल्या, म्हणजे चिपमध्येच साठवलेल्या तिच्या स्वतःच्या माहितीतल्या, एका बिटावरून ओळखतो: ४-४-४ फास्ट रीड (कमांड, पत्ता आणि डेटा तिन्ही चार तारांवरून) येतं की नाही.

एसएफडीपीचं नाव मी ऐकून होतो. तो वाचायची गरज मात्र कधी वाटली नव्हती. जेडेक या चिपांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं जेएसडी२१६ हे मानक २०११ पासून आहे. ५ए कमांड, तीन बाइटांचा पत्ता, आठ डमी क्लॉक (नुसती वाट बघायचे ठोके), की चिप स्वतःची माहिती स्वतः देऊ लागते. "लेबल वाचू नका, ड्रायव्हरचा तक्ताही राहू द्या. तिनं काय उत्तर दिलं ते जसंच्या तसं पाठवा," असं तुम्ही लिहिलंत. मी डंप पाठवला. त्या रात्री तुम्ही माझ्याबरोबर त्यातला एकेक डबलवर्ड (चार बाइटांचा गट) उलगडत बसलात. चार ओळींचा पॅच (कोडमधली दुरुस्ती) तुम्हाला सहज पाठवता आला असता. तो मला लिहू दिलात, आणि दोनदा परतही पाठवलात. दुसऱ्यांदा जास्त टोचलं होतं. पण तेव्हाच माझ्या लक्षात आलं की एसएफडीपी नसलेल्या जुन्या चिपवर माझा कोड सरळ चुकीची कमांड वापरत होता.

आता बोर्ड वॉचडॉगनं कितीही वेळा रीसेट केला तरी उठतो. नवी चिप हातात आली की मी आधी तिचा एसएफडीपी डंप काढून ठेवतो. पॅच परवा कोडच्या मुख्य शाखेत गेला. त्याच्या टिपेत तुमचं नाव घालू का, असं विचारलं तर तुम्ही नको म्हणालात. म्हणून हे पत्र, बिननावाचं.

मनापासून आभार, ताई.